पोवळ्यांची भिंत आणि तिची डागडुजी

आमच्या घरच्या जुन्या डब्यांत पोवळ्यांची एक माळ आहे. सणावारीं ती बाहेर निघते आणि पुन्हां मऊ फडक्यांत गुंडाळून ठेवली जाते. परवां ती अशीच बाहेर निघाली असतां घरांतल्या एका शाळकरी मुलीनें विचारलें, “समुद्रांतलीं पोवळीं मरत चाललीं आहेत असें आमच्या बाई सांगतात. मग हीं आपलीं पोवळीं कोणीं मारून आणलीं?” वडील मंडळी क्षणभर गप्प झाली. आजींनीं मंगळाचें नांव काढलें, काकांनीं प्रवाळभस्माचे गुण सांगितले. पण मुलीच्या प्रश्नाचें उत्तर कोणासच देतां येईना. तें उत्तर शोधतां शोधतां जें वाचलें, तेंच या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

उत्तर अर्धें दिलाशाचें आहे. आपल्या माळेंतलें व अंगठींतलें लाल पोवळें हें मुख्यतः भूमध्य समुद्रांतील खोल, अंधाऱ्या कपारींत वाढणाऱ्या एका प्राण्याचा सांगाडा होय. तें आपल्याकडे फार प्राचीन काळापासून व्यापारानें येत आहे. रोमन लोक हिंदी मोत्यांना जितकें मानतात तितकेंच हिंदी लोक पोवळ्याला मानतात, असें प्लिनी नांवाच्या रोमन ग्रंथकारानें पहिल्या शतकांतच लिहून ठेवलें आहे. हें लाल पोवळें समुद्रांत भिंती बांधीत नाहीं. ज्या पोवळ्यांविषयीं मुलीच्या बाई बोलल्या तीं निराळीं. तीं उथळ, उबदार व स्वच्छ पाण्यांत राहतात, दागिन्यांत बसत नाहींत, बाजारांत त्यांना मान नाहीं; परंतु त्यांच्या आधारानें कोट्यवधि माणसांचे गांव समुद्राकांठीं उभे आहेत. उत्तराचा दुसरा अर्धा भाग त्यांच्याविषयींचा, आणि तो दिलाशाचा नाहीं.

जुन्या पुस्तकांतून भिंत बांधणाऱ्या या जीवांना प्रवाळकीटक म्हणत. वस्तुतः ते कीटक नव्हेत. समुद्रफुलांच्या व जेलीफिशच्या गोतांतले ते प्राणी आहेत. एकेक जीव बहुधा तांदुळाच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा. समुद्राच्या पाण्यांतील चुना काढून घेऊन तो स्वतःभोंवतीं दगडी वाटी बांधतो. वाटीला वाटी लागते, मेलेल्यांच्या वाट्यांवर नवे जीव संसार थाटतात, आणि हजारों वर्षांनीं त्यांतून खडक उभा राहतो. या जीवाच्या शरीरांत एक सूक्ष्म शेवाळ बिऱ्हाडास असतें. शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि त्यांतला मोठा वाटा घरधन्याला देतें. घरधनी त्याला आसरा देतो. पोवळ्यांचे रंगही बव्हंशीं या भाडेकऱ्याचेच. परंतु पाणी उन्हाळ्यांतील नेहमींच्या उष्णतेपेक्षां अंशभर जरी अधिक तापलें व कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तरी हें सख्य मोडतें. शेवाळ बाहेर पडतें, पोवळें पांढरें फटफटीत होतें, आणि उष्णता लवकर न ओसरली तर उपासमारीनें मरतें. वाढही फार सावकाश: फांद्यांच्या जातीचें पोवळें वर्षाला सुमारें वीतभर अर्धी वीत वाढेल, पण गोल, भरीव जातीचें बोटाच्या पेराएवढेंही वाढत नाहीं. म्हणजे आज तोडलेला मोठा गड्डा भरून यावयास आपल्या पणतवंडांचा जन्म उजाडावा लागतो.

चार्लस डार्विन यानें १८४२ सालीं या भिंतींवर एक पुस्तक लिहिलें. ज्वालामुखीचें बेट हळूहळू समुद्रांत खचत जातें, त्याच्या कडेनें पोवळीं मात्र वर वर बांधीत राहतात, आणि शेवटीं बेट बुडून पोवळ्यांचें कडें तेवढें उरतें, असा त्याचा तर्क होता. तो खरा कीं खोटा याचा निकाल लागावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. १९५२ सालीं प्रशांत महासागरांतील एनिवेटॉक बेटावर भोंक पाडून पाहतां १,२०० मीटरांहून अधिक जाडीचा पोवळ्यांचा चुनखडक लागला, आणि त्याखालीं डार्विननें सांगितल्याप्रमाणें ज्वालामुखीचा काळा दगड. आपल्या देशांतील लक्षद्वीप हींही अशीं पोवळ्यांचीं कडीं होत. तेथील जमीन म्हणजे पोवळ्यांची वाळू. तेथील विहिरींचें गोडें पाणी म्हणजे त्या वाळूंत, खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा पातळ थर. १९११ च्या नव्हे, २०११ च्या शिरगणतींत तेथें सुमारें ६४ हजार माणसें मोजलीं गेलीं. त्यांच्या पायांखालची माती, पिण्याचें पाणी आणि समुद्राच्या बाजूचा कोट हीं तिन्ही पोवळ्यांनीं दिलेलीं आहेत.

‘कोट’ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाहीं. समुद्रांतून येणारी लाट या भिंतीच्या उथळ माथ्यावर अडखळते, फुटते, आणि पुढें खडबडीत पाठीवरून घासत घासत दमून जाते. जगांतील निरनिराळ्या ठिकाणचीं मापें एकत्र करून २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, सुस्थितींतली भिंत लाटेचा सरासरी ९७ टक्के जोर खाऊन टाकते, आणि त्यांतला ८६ टक्के एकटा माथाच खातो. २०१८ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा कीं, या भिंतींची उंची केवळ एक मीटरनें कमी झाली, तर पुरानें होणारें जगाचें सरासरी वार्षिक नुकसान दुप्पट होईल. एवढी चाकरी करणारा पहारेकरी पगार मागत नाहीं, रजा मागत नाहीं, आणि झीज झाली तर स्वतःच भरून काढतो. मात्र त्याला जिवंत ठेवलें पाहिजे.

आपण त्याला कसें वागविलें? रामेश्वराची यात्रा केलेल्या वाचकांना मन्नारच्या आखाताची कल्पना असेल. तुतिकोरीनपासून रामेश्वराकडे २१ लहान बेटांची ओळ आहे, आणि तिच्या भोंवतीं पोवळ्यांचे खडक. हे खडक कित्येक दशकें पहारींनीं फोडून होड्यांतून किनाऱ्यावर आणले जात. त्यांचा चुना भाजला जाई, घरांच्या भिंतींत ते दगड म्हणून बसत, कारखान्यांना कच्चा माल म्हणून जात. १९८६ सालीं तेथें सागरी राष्ट्रीय उद्यान झालें, तरी उपसा पुरता थांबावयास आणखी जवळजवळ वीस वर्षें गेलीं. तोंवर दोन बेटें पाण्याखालीं गेलीं होतीं, आणि तुतिकोरीनजवळचें वान नांवाचें बेट झिजत झिजत मूळच्या आकाराचा एक लहानसा तुकडा होऊन राहिलें. ज्यांनीं दगड फोडले ते कांहीं दुष्ट लोक नव्हते. तीं पोटासाठीं मजुरी करणारीं गरीब माणसें होतीं, आणि त्या चुन्याचा गिलावा ज्यांच्या घरांना लागला ते आपल्यासारखेच प्रतिष्ठित गृहस्थ होते. भिंत फोडून भिंत बांधली जात आहे, हें दोघांच्याही लक्षांत आलें नाहीं.

मालदीवच्या राजधानीची कथा याहून बोलकी आहे. माले हें शहर एका चिमुकल्या बेटावर वसलेलें. लोकवस्ती वाढली तशी भोंवतालच्या उथळ खडकावर भर घालून जमीन वाढविण्यांत आली. घरांसाठींही पोवळ्यांचाच दगड. १९८७ सालच्या एप्रिल महिन्यांत दूरच्या समुद्रांत उठलेल्या लाटा चालून आल्या, आणि भर घातलेल्या भागांत पाणी शिरून मोठें नुकसान झालें. तेव्हां जपानच्या साह्यानें शहराभोंवतीं काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांची भिंत बांधण्यास आरंभ झाला. तें काम वर्षानुवर्षें चाललें, आणि पुढें २००४ च्या त्सुनामींत त्या भिंतीचा शहराला उपयोगही झाला. तो नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु निसर्गानें जें फुकट दिलें होतें, तेंच परदेशच्या पैशानें पुन्हां विकत घ्यावें लागलें. शेंकडों बेटांच्या त्या देशाला प्रत्येक बेटाभोंवतीं असा कोट बांधणें कधींच परवडणारें नाहीं.

शिवाय दगडी कोटाला स्वतःचे दोष आहेत, आणि ते आपल्या कोंकणच्या वाचकांनीं डोळ्यांनीं पाहिलेले असतील. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट मरत नाहीं, मागें फिरते, आणि फिरतांना पायथ्याची वाळू ओढून नेते. कांहीं वर्षांत भिंतीपुढची पुळण नाहींशी होते. भिंत जेथें संपते तेथें शेजारच्या वाडीची जमीन अधिकच वेगानें कापली जाते, मग ती वाडी भिंत मागते, आणि मग तिच्या पलीकडची. एकाचें दुखणें दुसऱ्याच्या दारीं ढकलणें याला बंदोबस्त म्हणतां येत नाहीं. खर्चाचें म्हणाल, तर वर सांगितलेल्या २०१४ च्या अभ्यासांतच हिशेब आहे: उष्ण प्रदेशांत दगडी लाटरोधक बांधण्यास मीटरमागें मध्यम खर्च १९,७९१ डॉलर, आणि पोवळ्यांची भिंत सुधारण्यास १,२९० डॉलर. म्हणजे दुरुस्तीचा खर्च नव्या कोटाच्या पंधराव्या हिश्श्याच्या आसपास.

ही दुरुस्ती करावयाची कशी? येथेंच आमच्या विषयाचा गाभा आहे. हल्लीं जगांत ज्या युक्त्या चालूं आहेत, त्यांत फार मोठीं यंत्रें नाहींत. लोखंडी सळया, दोरी, थोडें काँक्रीट, क्वचित् थोडी वीज, आणि पुष्कळशी माणसांची मेहनत, एवढ्यावरच हा संसार चालतो.

पहिला प्रकार इंडोनेशियांतील सुलावेसी बेटाजवळचा. तेथें पूर्वीं मासे मारण्यासाठीं पाण्यांत सुरुंग उडवीत. सुरुंगानें पोवळ्यांचा चुरा झाला, आणि तो चुरा लाटांबरोबर सारखा इकडून तिकडे गडबडत राहिला. अशा हलत्या खडीवर नवें पोवळें रुजूं शकत नाहीं. आपण रोज नांगरत राहिलों तर रोप जगेल काय? म्हणून तेथें सळयांचीं षट्‌कोनी चौकटीं करून त्यांवर वाळूचा लेप देतात, प्रत्येक चौकटीवर जिवंत पोवळ्यांच्या तुटक्या फांद्या बांधतात, आणि अशीं शेंकडों चौकटीं तळाशीं एकमेकांना जोडून जाळें पसरतात. खडी स्थिर होते, फांद्या वाढूं लागतात, मासे परत येतात. गांवचे कोळीच हें काम करतात. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत असें आढळलें कीं, लागवडीनंतर चार वर्षांनीं या भिंती शेजारच्या निरोगी भिंतींच्याच वेगानें चुना सांठवूं लागल्या. ही गोष्ट अपेक्षेबाहेरची होती. मात्र त्याच अभ्यासकांनीं हेंही सांगितलें कीं, लावलेलीं पोवळीं मुख्यतः फांद्यांच्या जातीचीं आहेत. तीं लवकर वाढतात, परंतु उष्णतेला तींच आधीं बळी पडतात.

दुसरा प्रकार अधिक कुतूहलाचा आहे, व त्याविषयीं वाचकांना थोडें सविस्तर सांगावेंसें वाटतें. ज्या गांवीं विहिरीचें पाणी जड असतें तेथें बंबाच्या आंत पांढरी पुटें धरतात, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तीं पुटें बहुतांशीं चुन्याचीं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचीं. वुल्फ हिल्बर्ट्झ नांवाच्या जर्मन वास्तुशास्त्रज्ञानें १९७० नंतरच्या दशकांत अशींच पुटें विजेच्या साह्यानें समुद्रांत धरवून पाहिलीं. समुद्राच्या पाण्यांत दोन तारा सोडून सौम्य दाबाचा एकदिश विद्युत्प्रवाह वाहूं दिला, कीं ऋण टोंकाजवळचें पाणी अल्कधर्मी होतें, आणि पाण्यांत विरघळलेला चुना व मॅग्नेशियम तेथील लोखंडावर दगड होऊन बसूं लागतात. लोखंड गंजत नाहीं, उलट दिवसेंदिवस त्याच्यावर पांढरा दगडी थर चढत जातो. वर्षाला एक-दोन सेंटिमीटर पुट सहज धरतें. विजेचा दाब मोटारीच्या बॅटरीइतका किंवा त्याहूनही कमी असतो.

हिल्बर्ट्झची मूळ महत्त्वाकांक्षा समुद्रांतून घरेंच उगवावीं अशी होती. पुढें जमेकामध्यें पोवळ्यांचे अभ्यासक टॉमस गोरो यांची व त्याची गांठ पडली, आणि घरांच्या ऐवजीं पोवळ्यांसाठीं घरें करावीं असें ठरलें. पोवळें जो चुना स्वतः कष्टानें बांधतें, तोच येथें तयार मिळतो. तेव्हां वांचलेली शक्ति तें वाढीकडे व प्रकृतीकडे लावील, अशी यामागची कल्पना. या पद्धतीला त्यांनीं ‘बायोरॉक’ असें नांव दिलें.

तिचें सर्वांत प्रसिद्ध क्षेत्र म्हणजे बाली बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरील पेमुतेरान गांव. सुरुंग, विष घालून केलेली मासेमारी आणि १९९८ ची उष्णता यांनीं तेथील भिंत उद्ध्वस्त झाली होती. २००० सालीं गांवकऱ्यांनीं, तेथील विश्रामगृहांच्या चालकांनीं व या दोघां शास्त्रज्ञांनीं मिळून पाण्याखालीं सळयांचे सांगाडे उभे केले, किनाऱ्यावरून तारा नेल्या, आणि त्यांवर पोवळ्यांचे तुकडे बांधले. आज तेथें पोवळ्यांचा बगीचा आहे. २०१२ सालीं तेथील संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालें. परंतु आमच्या मतें तेथील खरी किमया विजेची नव्हे. पूर्वीं जे सुरुंग उडवीत त्याच गांवच्या लोकांनीं समुद्रावर आपली गस्त घालण्यास सुरुवात केली. भिंत पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांमुळें गांवाला पैसा मिळूं लागला, आणि जिवंत पोवळें मेलेल्या माशापेक्षां मोलाचें ठरलें. तार कोणीही ओढील. पहारा गांवालाच करावा लागतो.

आपल्या देशांतही हे प्रयोग आले आहेत. मन्नारच्या आखातांत तुतिकोरीनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेनें २००२ पासून पोवळ्यांची लागवड चालविली आहे. झिजलेल्या त्या वान बेटापुढें २०१५ पासून पुढच्या कांहीं वर्षांत भोंकें ठेवलेले काँक्रीटचे दहा हजारांवर ठोकळे समुद्रतळाशीं मांडण्यांत आले. भोंकें ठेवण्यांत मर्म आहे: लाट आरपार जातां जातां दमते, उलट आपटत नाहीं, वाळू मागच्या बाजूस बसते, आणि पोकळींत माशांना बिऱ्हाड मिळतें. बेटाची झीज थांबून त्यावर पुन्हां थोडी वाळू धरूं लागली आहे. गुजराथेंत मिठापूर येथें भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेनें राज्याच्या वनखात्याच्या साह्यानें २०२० च्या जानेवारींत बायोरॉकचा सांगाडा समुद्रांत सोडला. त्याला लागणारी वीज पाण्यावर तरंगणाऱ्या सौरफलकांपासून घेण्याची योजना होती. हें मिठापूर ज्या ओखामंडळांत आहे तो मुलूख पूर्वीं बडोद्याच्या गायकवाडांचा, हें आमच्या बडोदेकर वाचकांना सांगावयास नकोच.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, प्रश्न सुटला. आतां समुद्रांत कांहीं तरी टाकलें कीं भिंत तयार! तसा भ्रम होऊं नये म्हणून एक जुनी फजितीही सांगितली पाहिजे. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत १९७२ च्या सुमारास मोटारींच्या सुमारें वीस लाख जुन्या धांवा समुद्रांत टाकण्यांत आल्या. धांवांचा निकाल लागेल, त्यांवर पोवळीं वाढतील, मासे येतील, असा दुहेरी लाभाचा हिशेब होता. पोवळीं वाढलीं नाहींत. बांधलेल्या पट्ट्या गंजून तुटल्या, सुटलेल्या धांवा लाटांबरोबर धांवूं लागल्या, आणि जवळच्या जिवंत खडकांवर आदळून त्यांचाच नाश करूं लागल्या. पुढें त्या एकेक करून वर काढण्याचा खर्च माथीं आला. चांगला हेतु आणि स्वस्त माल एवढ्यावर समुद्र प्रसन्न होत नाहीं.

बायोरॉकविषयींही शास्त्रज्ञांत एकवाक्यता नाहीं. मालदीवमधील एका बेटावर १९९८ च्या उष्णतेंत विजेच्या सांगाड्यावरचीं पोवळीं इतरांपेक्षां फार अधिक वांचलीं, असें गोरो यांचें म्हणणें आहे. इतर अभ्यासकांनीं केलेल्या प्रयोगांत कांहीं जातींना लाभ दिसला, कांहींना दिसला नाहीं. शिवाय तार तुटली, वीज गेली, देखभाल करणारा माणूस निघून गेला, तर सांगाडा नुसता सांगाडाच राहतो. गांव जागें असेल तेथें हा उपाय टिकतो.

आतां सर्वांत कठीण गोष्ट. ही सगळी डागडुजी हेक्टरांच्या मापानें चालली आहे, आणि नाश समुद्रांच्या मापानें. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७, आणि २०२३ पासून पुन्हां, असें चार वेळां जगभरचीं पोवळीं एकदम पांढरीं पडलीं. या चौथ्या प्रसंगाची घोषणा २०२४ च्या एप्रिलांत झाली, आणि त्याची झळ जगांतील चार-पंचमांशांहून अधिक भिंतींना पोंचली. लक्षद्वीपांत १९९८ ते २०२२ या काळांत जिवंत पोवळ्यांचें आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आलें. २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय अहवालाचा अंदाज असा कीं, पृथ्वीची उष्णता औद्योगिक युगापूर्वींपेक्षां दीड अंशानें वाढली तर ७० ते ९० टक्के पोवळीं जातील, आणि दोन अंशांनीं वाढली तर ९९ टक्क्यांहून अधिक. उष्णता वाढते ती मुख्यतः दगडी कोळसा, तेल व वायु जाळल्यानें. आणि त्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड समुद्रांत विरघळून पाण्याला किंचित् आम्लतेकडे झुकवितो, त्यामुळें चुना बांधणेंही जड जातें. ज्या लक्षद्वीपकरांनीं जगाच्या मानानें कोळसा जवळजवळ जाळलाच नाहीं, त्यांच्या विहिरी आधीं खाऱ्या व्हावयाच्या, हा न्याय नव्हे.

मग ही रोपें लावण्यांत अर्थ काय, असा प्रश्न विचारी मनुष्य विचारील; किंबहुना कांहीं शास्त्रज्ञ तो विचारीतही आहेत. लागवडीच्या छायाचित्रांनीं लोकांचें समाधान होतें आणि कोळशाचा विषय बाजूस पडतो, अशी त्यांची तक्रार आहे. ती आम्हांस खोटी वाटत नाहीं. तथापि आमचें मत थोडें निराळें आहे. मृगापूर्वीं कोंकणांत घर शाकारतात. वाशांना वाळवी लागली असेल तर कौलें चाळून ती जात नाहीं, हें खरें; पण वाळवीचा बंदोबस्त होईतों कौलें न चाळतां लेंकरांच्या अंगावर पाऊस घेणें हें कांहीं शहाणपण नव्हे. दोन्ही कामें एकाच घरचीं आहेत. कौलें चाळणाऱ्यानें ‘वाळवी गेली’ असें म्हणूं नये, आणि वाळवी पाहणाऱ्यानें कौलें चाळणाऱ्यास हंसूं नये. पोवळ्यांची लागवड आपल्याला वेळ मिळवून देते. उष्णता सोसणाऱ्या जाती कोणत्या तें शिकविते. जेथें केवळ सुरुंगानें वा पहारीनें नाश झाला तेथें खरोखरच भिंत परत आणते. त्या मिळालेल्या वेळाचें आपण काय करतों, यावर पुढचें सारें अवलंबून आहे.

राहतां राहिला आपल्या महाराष्ट्राचा किनारा. त्याला लक्षद्वीपासारखी सलग पोवळ्यांची भिंत नाहीं. पावसाळ्यांत नद्या आणतात त्या गाळाच्या पाण्यांत ती वाढावी कशी? तरी मालवणला सिंधुदुर्गाच्या परिसरांत पोवळीं आहेत, आणि तेथें १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटरांवर भर समुद्रांत ‘आंग्रिया बँक’ नांवाचें बुडालेलें पठार आहे. त्याच्या माथ्यावर पोवळ्यांची समृद्ध वसाहत आहे, आणि त्याचें नांव आपल्या कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलें. मराठ्यांच्या आरमाराच्या सरखेलाचें नांव एका पोवळ्यांच्या रानाला मिळालें, हें किती वाचकांना ठाऊक असेल? बाकीच्या किनाऱ्यावर पहारेकऱ्याचें काम खाडीमुखांतील तिवरांचें रान आणि पुळणीमागचीं वाळूचीं टेंकाडें करतात. २०१२ सालीं आपल्या राज्यानें या रानासाठीं स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. त्या रानांत भराव टाकून घरें उठविणें म्हणजे माले शहराची चूक आपल्या दारीं आणणें होय.

एका कुटुंबाच्या हातीं यांतलें काय आहे? समुद्रावर सहलीस गेल्यावर दुकानांतून पांढऱ्या पोवळ्याचा तुकडा दिवाणखान्यासाठीं आणूं नये. २००१ पासून तीं पोवळीं आपल्या वन्यजीव कायद्यानें वाघाच्याच बरोबरीनें संरक्षित आहेत. मालवणास पाण्याखालचें दृश्य पाहावयास उतरणाऱ्या तरुण मंडळींनीं पोवळ्यावर पाय देऊन उभें राहूं नये. एका पावलानें वर्षांची बांधणी मोडते. किनाऱ्यावर जमीन घेणाऱ्यांनीं समुद्राकडील तिवरें व टेंकाडें यांना हात लावूं नये. आणि घरांतील वीज, वाहनें व चैन यांचा हिशेब करतांना खर्चाच्या रकान्यांत एक रकाना समुद्राचाही धरावा. यानें एकट्यानें समुद्र थंड होणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु ज्या घरांत हा हिशेब होतो त्याच घरांतून उद्यांचे इंजिनियर, अधिकारी व मतदार निघावयाचे आहेत.

त्या शाळकरी मुलीला आम्हीं हें सारें सांगितलें. तिनें सर्व ऐकून घेतलें व विचारलें, “म्हणजे आपली माळ निर्दोष, पण आपण नाहीं?” तिच्या आजींनीं माळ फडक्यांत गुंडाळली, डबा मिटला, आणि म्हणाल्या, “होय बाळ, असेंच आहे.” याहून अधिक नेमकें उत्तर आम्हांस सुचलें नाहीं.